कोरड्या वाऱ्याचा आठवडा आणि अंबिया बहार

नागपूरला वर्धा रस्त्याने येताना एका हाताला सोनेगावचे विमानतळ आणि दुसऱ्या हाताला मनीषनगर लागते. आकाशवाणीवर आणि वृत्तपत्रांत नागपूरचे म्हणून जे तापमान सांगितले जाते, ते सोनेगावच्या वेधशाळेतले असते. मनीषनगरपासून ही जागा जवळच. काटोल, कळमेश्वर, नरखेडकडे संत्र्याची बाग आणि मुलांच्या शिक्षणासाठी मनीषनगर-बेसा भागातल्या ले-आऊटमध्ये घर, असे बागायतदार आता कमी नाहीत. सकाळी गच्चीवर उभे राहायचे, मोबाइलवर ‘३७ अंश, हवामान कोरडे’ असे वाचायचे आणि ‘अजून ऊन तापले नाही, पाणी परवा दिले तरी चालेल’ असे बागेत कळवायचे. आणि नेमक्या त्याच आठवड्यात झाडाखाली वाटाण्याएवढ्या हिरव्या फळांचा सडा पडतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, मार्चच्या उत्तरार्धात आणि एप्रिलच्या आरंभी असा एखादा तरी आठवडा आपल्याकडे येतोच. पाऊस नाही, ढग नाहीत, तापमानही फार नाही. पण दिवसभर कोरडा वारा सुटलेला असतो. या आठवड्याबद्दल कोणी इशारा देत नाही. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंश किंवा अधिक असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी किंवा त्याहून जास्त वाढले, तर उष्णतेची लाट मानतात. नागपूरची मार्चची सरासरी कमाल सुमारे ३६ अंश आहे. तेव्हा ३७-३८ अंशांचा आठवडा कोणत्याही यादीत बसत नाही. संत्र्याच्या झाडाला मात्र तो चांगलाच बसतो.

हवेची तहान

एक घनमीटर हवा २८ अंशांना जास्तीत जास्त सुमारे २७ ग्रॅम बाष्प धरू शकते. ३८ अंशांना तीच हवा सुमारे ४६ ग्रॅम धरते. आता हिवाळ्याअखेरची दुपार घ्या : २८ अंश आणि ५० टक्के आर्द्रता. हवेत १३-१४ ग्रॅम बाष्प आहे आणि तेवढ्याचीच तिला आणखी भूक आहे. मार्चअखेरची दुपार घ्या : ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता. येथे हवेला आणखी ३७ ग्रॅम पाणी हवे आहे. तापमान वाढले दहाच अंशांनी, पण हवेची तहान झाली पावणेतीन पट. हे पाणी ती जमिनीतून घेते, पानातून घेते आणि तुमच्या-आमच्या अंगातूनही घेते.

याच हिशेबाने ४० अंश आणि ३० टक्के आर्द्रतेचा दिवस पाहिला तर हवेची तूट ३६ ग्रॅमच्या आसपास येते. म्हणजे ३८ अंशांचा कोरडा दिवस ४० अंशांच्या थोड्या दमट दिवसापेक्षा किंचित अधिक शोषणारा निघाला. केवळ तापमानाच्या आकड्यावर पाण्याची पाळी ठरवू नये, ती यासाठी.

वाऱ्याचे काम निराळे. पानातून बाहेर पडलेले बाष्प काही क्षण पानालगतच थांबते आणि त्याचा एक पातळ दमट पदर पानाभोवती राहतो. वारा हा पदर सतत ओढून नेतो आणि त्या जागी कोरडी हवा आणून ठेवतो. दांडीवरचे ओले लुगडे सावलीतही वाऱ्याने भराभर वाळते, तसेच हे आहे.

हा वारा येतो कोठून ?

या दिवसांत आपल्याकडे येणारी हवा बहुधा वायव्येकडून, राजस्थान आणि मध्य प्रदेशाच्या तापू लागलेल्या कोरड्या जमिनीवरून येते. वाटेत तिला समुद्र भेटत नाही. म्हणून ती कोरडी.

पण शेतकऱ्याच्या दृष्टीने या वाऱ्याची दिशा जितकी महत्त्वाची, त्याहून त्याचे घड्याळ महत्त्वाचे. रात्री जमीन निवते आणि तिच्यालगत थंड हवेचा एक थर बसतो. वरचा वेगवान वारा या थरावरून घसरत जातो, खाली उतरत नाही. म्हणून पहाटे पिंपळाचे पानही हलत नाही. सूर्य वर आला, जमीन तापली, की हा थर खालून विरघळू लागतो. दहा-अकराच्या सुमारास तो फुटतो आणि दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंतची हवा वर-खाली घुसळली जाऊ लागते. वरचा वारा खाली आपल्या वावरात पोचतो. वावटळी उठू लागतात त्याही याच वेळी. दिवस मावळला की सारे पुन्हा निवांत. चोवीस तासांपैकी वारा जाचतो तो साधारण आठ तास. उरलेले तास आपले आहेत आणि या आठवड्यातली बहुतेक कामे त्या तासांत बसवता येतात.

अंदाज कसा वाचावा ?

ग्रामीण कृषी मौसम सेवेची कृषी हवामान सल्ला पत्रिका दर मंगळवारी व शुक्रवारी निघते. तीच माहिती ‘मेघदूत’ या मोबाइल अॅपवरही मिळते. पत्रिकेच्या तक्त्यात पुढील पाच दिवसांचा पाऊस, कमाल व किमान तापमान, सकाळची व दुपारची आर्द्रता, वाऱ्याचा वेग, वाऱ्याची दिशा आणि ढगांचे प्रमाण दिलेले असते. बरेच जण पावसाचा रकाना पाहतात, तेथे शून्य दिसले की पत्रिका बाजूला ठेवतात. शून्य पावसाच्या आठवड्यात उरलेले रकानेच अधिक कामाचे असतात.

दुपारची आर्द्रता २५ च्या खाली आणि वाऱ्याचा वेग ताशी १५ किलोमीटरच्या वर, असे दोन्ही एकत्र दिसले तर कोरड्या वाऱ्याचा आठवडा समजावा. दिशा अंशांत असते आणि ती वारा ज्या बाजूने येतो ती बाजू दाखवते : ९० म्हणजे पूर्वेचा, १८० दक्षिणेचा, २७० पश्चिमेचा, ३१५ वायव्येचा. ढग आठाच्या मापात असतात. शून्य म्हणजे आभाळ निरभ्र, आठ म्हणजे पूर्ण झाकलेले.

वेगाचा आकडा दहा मीटर उंचीवरच्या मोकळ्या हवेतला असतो. माणसाच्या उंचीला तो साधारण पाऊणपट भरतो. मनीषनगरात चार-चार मजली इमारतींच्या आडोशाला वारा कधी अगदी मंद वाटतो, तर कधी दोन इमारतींमधल्या फटीतून घोंगावत येतो. त्यावरून उघड्या माळावरच्या बागेचा अंदाज बांधू नये. बागेत असाल तर उपकरणाचीही गरज नाही. तोंडाला वारा लागतो आणि पाने नुसती सळसळतात, तेव्हा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. पाने आणि बारीक डहाळ्या एकसारख्या हलत राहिल्या तर १२ ते १९. धूळ, पालापाचोळा आणि कागदाचे कपटे उडू लागले तर २० ते २८. लहान झाडे आख्खी डोलू लागली तर त्याहून अधिक.

जाता जाता एक गोष्ट. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवले आणि देशभर गाजावाजा झाला. तपासणीत तो उपकरणाचा दोष निघाला. सोनेगावचा खरा उच्चांक २३ मे २०१३ चा, ४७.९ अंशांचा आहे. एकाच आकड्याने घाबरू नये आणि एकाच आकड्याने निर्धास्तही राहू नये.

संत्र्याच्या बागेत

अंबिया बहाराची फुले जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत येतात. मार्चच्या उत्तरार्धात फळ वाटाण्याएवढे, पुढे गोटीएवढे असते. झाड मुळात फुलांच्या मानाने फारच थोडी फळे टिकवते, त्यामुळे थोडीफार गळ ही नैसर्गिकच. पण कोरड्या वाऱ्यात मुळांनी ओढलेले पाणी पानांतून जाणाऱ्या पाण्याला पुरत नाही. पाने आपली रंध्रे मिटून घेतात, तरी दुपारची तूट राहतेच. अशा वेळी पान कोवळ्या फळातले पाणीही परत ओढते. हा ताण लांबला की देठाशी पेशींचा एक थर सैल होतो आणि फळ सुटते. गळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते, म्हणून तिचे कारण वाऱ्यात आहे हे लक्षात येत नाही. मग ‘रोग आला’ म्हणून फवारणी होते आणि खर्च वाया जातो.

पाणी किती वाढवावे, याचा हिशेब साधा आहे. बाष्पीभवन पात्रातून दिवसाला जितके मिलिमीटर पाणी उडते, त्याला ०.७ या पात्र गुणांकाने आणि संत्र्याच्या ०.७ या पीक गुणांकाने गुणावे आणि झाडाच्या घेराच्या क्षेत्राने गुणावे. येणारे उत्तर लीटरमध्ये असते. समजा घेराचा व्यास ४ मीटर आहे, म्हणजे क्षेत्र सुमारे १२.५ चौरस मीटर. बाष्पीभवन ८ मिलिमीटर असेल तर झाडाला दिवसाला ४९ लीटर लागतात. वारा सुटून बाष्पीभवन ११ वर गेले तर ६८ लीटर. झाडाला ताशी ८ लीटरचे चार ड्रिपर असतील तर पहिल्या दिवशी दीड तास आणि वाऱ्याच्या दिवशी दोन तासांहून थोडा अधिक वेळ संच चालवावा लागेल. एकरी ११० झाडे धरली तर सात दिवसांत सुमारे १४ हजार लीटर पाणी जास्तीचे लागते. विहिरीत एवढे पाणी आहे का, हे आठवडा सुरू होण्यापूर्वी पाहावे, मध्यात नव्हे.

पाणी थोडे असेल तर सर्व झाडांना सारखे कमी देण्यापेक्षा फळे नसलेल्या, सल पडलेल्या झाडांचे कमी करून फळधारी झाडांचे राखावे. हलक्या, मुरमाड जमिनीवरच्या ओळींना पहिला मान द्यावा. खोल काळी जमीन दोन दिवस कळ काढते, मुरमाड जमीन काढत नाही. एक चूक मात्र फार होते. पाळी चुकली, चार-पाच दिवस झाड तहानले आणि नंतर एकदम भरपूर पाणी सोडले. अशा धक्क्यानेही फळे गळतात. पाळी चुकलीच असेल तर पहिल्या दिवशी निम्मे पाणी द्यावे आणि दोन-तीन दिवसांत पूर्णावर यावे.

ठिबकचे पाणी शक्यतो पहाटे, वारा सुटण्यापूर्वी संपवावे, हे खरे. पण जेथे अजून पाळीने वीज मिळते आणि त्या आठवड्यात ती अकरानंतर येते, तेथे हा सल्ला कागदावरच राहतो, याची आम्हाला कल्पना आहे. तेव्हा स्पष्ट सांगतो : दुपारी दिलेले ठिबकचे पाणी वाया जाते हा समज बरोबर नाही. ते मुळाशी पोचते, फक्त ओल्या पृष्ठभागावरून थोडे जास्त उडते. मोकाट पाण्याचे आणि तुषार सिंचनाचे मात्र दुपारी खरोखर नुकसान होते. तुषाराचे थेंब वाऱ्याने एका बाजूला ढकलले जातात, एक पट्टा चिखल होतो आणि दुसरा कोरडा राहतो. आळ्याने पाणी देणाऱ्यांनी दुहेरी आळे ठेवावे. बुंध्याला पाणी लागू दिले तर डिंक्या रोगाला आमंत्रण मिळते.

आच्छादनाने पुष्कळ पाणी वाचते. सोयाबीनचे किंवा हरभऱ्याचे कुटार, वाळलेले गवत यांचा ५ ते ७ सेंटिमीटर थर घेराखाली द्यावा, पण बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी सोडावी. कोरड्या वाऱ्यात कुटार उडून शेजारच्या धुऱ्यावर जाऊन बसते. म्हणून ते पसरल्यावर थोडे पाणी शिंपडावे आणि वरून पऱ्हाटीची चार-सहा काटके आडवी टाकावीत. कलमे यंदाच लावली असतील तर पश्चिमेला आणि वायव्येला तुराट्यांची ताटी बांधावी. कलमाला काठीचा आधार देताना सुतळी आठाच्या आकड्यासारखी फिरवावी, म्हणजे वाऱ्यात साल घासत नाही.

गळ कमी करण्यासाठी जिब्रेलिक आम्ल १.५ ग्रॅम व युरिया १ किलो १०० लीटर पाण्यातून फवारण्याची शिफारस आहे. जिब्रेलिक आम्लाची भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही. ती आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवून घ्यावी. मात्र मुळाशी ओल नसेल तर ही फवारणी काही करू शकत नाही. आधी पाणी, मग फवारणी. वेळ सकाळी साडेसात ते साडेनऊची. अगदी निपचित पहाटेही फवारू नये, कारण त्या थंड थरात बारीक तुषार तरंगत राहतात आणि भलतीकडे जातात. बारीक डहाळ्या एकसारख्या हलू लागल्या की पंप थांबवावा. फळगळीसाठी २,४-डी वापरणाऱ्यांनी तर विशेष जपावे. शेजारच्या वांगी-टोमॅटोवर त्याचा तुषार गेला तर पाने वेडीवाकडी होतात आणि भांडण वेगळेच. कोरड्या धुळीच्या दिवसांत लाल कोळी वाढतो, तेव्हा गंधकाकडे हात जातो. पण ३५ अंशांवर गंधक पाने आणि कोवळी फळे भाजते. या आठवड्यात ते नको.

बागेला कायमचा आडोसा हवा असेल तर त्याचा विचार आता करून लागवड पावसाळ्यात करावी. पश्चिम आणि वायव्य बाजूंना शेवरी, शेवगा, बांबू किंवा सिल्व्हर ओकच्या ओळी लावाव्यात. आडोसा भिंतीसारखा गच्च नसावा. गच्च आडोशावरून वारा उसळतो आणि पलीकडे जोराने आपटतो. निम्मा वारा गाळून येऊ देणारी ओळ आपल्या उंचीच्या दहा ते पंधरा पट अंतरापर्यंत वाऱ्याचा जोर कमी करते.

इतर पिके थोडक्यात

उशिरा पेरलेला गहू चिकात असेल तर वारा असताना पाणी देऊ नये. ओली जमीन आणि जोराचा वारा यांनी गहू लोळतो. संध्याकाळी वारा पडल्यावर हलके पाणी द्यावे. पिकलेल्या गव्हाची कापणी सकाळी करावी. उन्हाळी भुईमूग व तिळाच्या दोन पाळ्यांमधले अंतर एक-दोन दिवसांनी कमी करावे. कलिंगड, काकडी, दोडक्याच्या वेलांवर जोराच्या वाऱ्यात मधमाशा कमी फिरतात, त्या सकाळीच काम करून घेतात. म्हणून सकाळी या पिकांवर कीटकनाशक मारू नये.

आगीची भीती

पूर्वी हाच वारा खळ्यावर हवाहवासा वाटे. तिव्यावर उभे राहून उफणणी करायची तर वारा हवा, आणि तो पडला तर सारे खळे खोळंबून बसे. मळणीयंत्र आले आणि वाऱ्याची ती गरज संपली. आता या वाऱ्यातली मोठी धास्ती आगीची.

धुरा जाळायचा तो सकाळी, गारव्याला, अशी आपली पद्धत आहे. आठ वाजता लावलेली आग नऊपर्यंत निमूट जळते आणि विझल्यासारखी दिसते. माणूस घरी जातो. दहा-अकराला वरचा वारा खाली उतरतो, राखेतला निखारा फुलतो आणि ठिणगी पलीकडच्या वावरातल्या गंजीवर पडते. ज्या आठवड्यात वारा १५ च्या वर सांगितला आहे, त्या आठवड्यात धुरा, गव्हाची धसकटे, पऱ्हाटी काहीही जाळू नये. खरे तर पऱ्हाटीचे तुकडे करून कुजवणेच बरे. पण ज्यांना जाळायचेच आहे त्यांनी निदान हा आठवडा टाळावा.

गंजी घरापासून आणि गोठ्यापासून दूर, विजेच्या तारांखाली येणार नाही अशी रचावी. वाऱ्याने सैल तारा एकमेकींना घासतात आणि ठिणग्या पडतात. झोल पडलेल्या तारेची तक्रार लेखी द्यावी आणि तिची पोच ठेवावी. गंजीभोवती तीन मीटर रुंदीचा पट्टा नांगरून काळा ठेवावा. रामटेक, पारशिवनीकडे जंगलालगत मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला जाळतात. त्याऐवजी झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी पसरली तर फुले स्वच्छ मिळतात आणि जंगलही वाचते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हाही आहे.

वारा फिरला तर

कोरडा आठवडा कोरडाच संपेल असे नाही. बंगालच्या उपसागरावरून आग्नेयेची दमट हवा विदर्भात शिरली आणि तिची वायव्येच्या कोरड्या हवेशी गाठ पडली, की दुपारनंतर मेघगर्जना, वादळ आणि कधी गारा. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये विदर्भासह महाराष्ट्राच्या मोठ्या भागात कित्येक दिवस झालेली गारपीट अनेकांना आठवत असेल. हा बदल बहुधा एक-दोन दिवस आधी तक्त्यात दिसतो. वाऱ्याची दिशा ३०० च्या आसपासची सुटून १२०-१५० वर येते. सकाळची आर्द्रता ३५-४० वरून ६० च्या पुढे जाते. किमान तापमान दोन-तीन अंशांनी चढते, पहाटेचा गारवा जातो आणि घाम वाळत नाही. ढगांचा आकडा शून्यावरून चार-पाचवर जातो.

ही लक्षणे एकत्र दिसली तर दुसऱ्या दिवशीची फवारणी रद्द करावी, संत्र्याचे वाढवलेले पाणी पुन्हा कमी करावे, कापलेला गहू-हरभरा मळून घ्यावा, नाहीतर आडोशाला आणावा. विजेच्या इशाऱ्यासाठी ‘दामिनी’ अॅप उपयोगी आहे. गडगडाट ऐकू येताच झाडाखालून निघून पक्क्या घरात जावे. भिवापूरकडे मिरचीचे सातरे उघड्यावर असतात. त्यांनी ताडपत्री दुपारच्या आधीच हाताशी ठेवावी. झाकताना तिची वाऱ्याकडची कड मातीत पुरून दाबावी. नुसते दगड ठेवले तर वादळाच्या पहिल्याच झोतात ती निघते.